सातपट्टीची रिकामी बरणी

एक

ते साल एकोणीसशे एकोणसत्तर. सायकलींना गिअर नव्हते, पाठीवरच्या कॅनव्हासच्या पिशव्या भिजल्या की माणसापेक्षा जड होत, आणि सहलीहून घरी टाकलेलं खुशालीचं पत्र आपण घरी पोचल्यावर दोन दिवसांनी येई. त्या साली सुट्टी लागल्या लागल्या अकरा विद्यार्थी, एक सर, एक आचारी, एक सायकलमिस्त्री आणि एक खडखडणारा टेम्पो असा लवाजमा नदीच्या काठाकाठाने वर निघाला. मुखाकडून उगमाकडे, आठ दिवस. रस्ता असेल तिथवर सायकल, पुढे पायी. नदीत आणि नदीकाठी काय काय जगतं ते बघायचं, मोजायचं आणि वहीत लिहायचं.

पाचव्या दिवशी सकाळी चोरी झाली.

चोरीला गेला एक मासा, बोटाएवढा.

हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण त्या सकाळी मुक्कामावर कुणी हसलं नाही. कारण तो मासा सरांचा होता. तीस वर्षांपूर्वी, कॉलेजात नुकतेच शिकवायला लागले असताना, सरांनी या नदीत पाठीवर सात पट्टे असलेला एक मासा पाहिला होता. हातातून तो निसटला. संग्रहालयातले साहेब म्हणाले, "ग्रंथात पाच पट्ट्यांचा मासा आहे. सात पट्ट्यांचा आणून दाखवा, मग बोलू." तेव्हापासून दरवर्षी सर मुलांना घेऊन नदीवर येत आणि हात हलवत परत जात. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक चहा पिता पिता डोळे मिचकावत, "काय, भेटली का तुमची सातपट्टी?" सर नुसते हसत. या सुट्टीनंतर ते निवृत्त होणार होते. ही शेवटची सहल.

आणि चौथ्या दिवशी ती भेटली! डोहाकाठच्या मुक्कामापासून चार किलोमीटर वर, जिथे सायकली ठेवून अर्धा किलोमीटर खडकांतून चालावं लागे, तिथल्या खळाळात. जिराफाने दगड उचलला आणि टाचणीने जाळी घातली. जिराफ म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा; बोलणंही तसंच, उंचावरून. टाचणी अंगाने टाचणीसारखी, टोचायलाही तशीच. नोंदवही तिच्याकडे असे. दोघं जे नाचले म्हणता! बाकीचे नऊ पाण्यात उड्या मारून त्यांच्यात सामील झाले. मग बरणी छातीशी धरून सगळे सुसाट खाली आले.

उंचापुऱ्या सरांना कंबरेच्या दुखण्यामुळे खडकांतून चालायला बंदी होती. टेम्पोत चढायलाही त्यांना स्टूल लागे. त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली. "एक... दोन..." सातापर्यंत आले आणि स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला. पुन्हा घालून पुन्हा मोजले. मग एवढंच म्हणाले, "दर दोन तासांनी पाणी बदला रे तिचं."

संग्रहालयाला द्यायचं तर मासा औषधात घालावा लागतो, आणि औषधात रंग उतरतात. म्हणून ठरलं, की सकाळच्या उजेडात आधी रंगारीने चित्र रंगवायचं आणि मग फॉर्मॅलिन. रंगारी म्हणजे टाचणीची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या नखांत कायम निळा नाहीतर हिरवा रंग असे.

सकाळी रंगारी ब्रश घेऊन टेम्पोच्या फळीशी गेली आणि तिथूनच ओरडली.

बरणी जागेवर होती. पण धुतलेली, उपडी घातलेली. झाकण शेजारी व्यवस्थित ठेवलेलं.

दोन

"मांजराने नेला असेल," कुणीतरी म्हणालं.

"हो, आणि जाताना बरणी विसळून गेलं," टाचणी म्हणाली.

सगळे गोल उभे. सर तेवढ्यात काठी टेकत आले. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग मुलांच्या चेहऱ्यांकडे. "मासा गेला. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. विषय संपला." आणि टेम्पोच्या आत जाऊन पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या लावत बसले. दिवसभर तिथेच बसले.

"बघा, माणूस कसा मोडलाय," जिराफ कुजबुजला. त्याचे स्वतःचेच डोळे लाल झाले होते. "तीस वर्षं! आणि मी पकडून दिली होती. मी!"

"आपण दोघांनी," टाचणी म्हणाली.

"तेच ते. आता ऐका. बरणी तीनदा विसळून उपडी घालायची, झाकण शेजारी ठेवायचं, ही सवय कुणाची? प्रयोगशाळेतल्या माणसांची. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी. आचारीकाका बरणी धुतील? ते पातेलीसुद्धा आपल्याकडून घासून घेतात."

"ऐकू येतंय मला," चुलीकडून आवाज आला.

"आणि काल संध्याकाळी कोण म्हणालं," जिराफाने मान लांब करून रंगारीकडे पाहिलं, "की इतक्या देखण्या जिवाला उद्या मारायचं म्हटलं तर माझा हात चालणार नाही? कोण म्हणालं?"

रंगारी पांढरीफटक पडली. म्हणाली होती खरी. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"म्हटलं म्हणजे केलं का?" ती म्हणाली. पण आवाज फुटेना, आणि न फुटलेला आवाज गुन्हेगारासारखाच ऐकू येतो. एकेक जण पाठ वळवून सायकलीकडे गेला. नाश्त्याला तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ती ब्रश धुवत नदीकाठी एकटी बसली. ब्रश कोरडाच होता.

टाचणी तिच्याशेजारी जाऊन टेकली. "तू केलंस?"

"तूही विचारतेस?"

"एकदा विचारते. पुन्हा नाही."

"नाही केलं. उद्याच्या बसने घरी जाते मी. अशा नजरा मला नाही सोसायच्या."

"बस किती वाजता आहे?"

"सात."

"मग पुष्कळ वेळ आहे," टाचणी म्हणाली आणि उठली.

तीन

आचारीकाका बटाटे सोलत होते. देह पिंपासारखा, आवाज बासरीसारखा. गाणं गुणगुणल्याशिवाय त्यांची सुरी चालत नसे.

"काका, सगळ्यात आधी कोण उठतं?"

"मी. चूल काय तुझी आजी पेटवते? आणि माझ्यावर संशय असेल तर सरळ सांगतो, एवढ्याशा माशात माझं काय होतंय? तळला तर कढईत शोधावा लागेल."

"संशय नाही हो. कोण दिसलं, ते सांगा."

"कोण दिसणार? तुम्ही सगळे घोरत होता. तो जिराफ तर असा घोरतो, मला वाटलं टेम्पो चालू राहिलाय. सर तेवढे उठले, रोजच्यासारखे थर्मामीटर घेऊन गेले नदीवर."

सूर्य उगवताना पाण्याचं तापमान घ्यायचा सरांचा नेम होता. तेवढी एक नोंद ते वहीत स्वतःच्या हाताने करत.

"मग?"

"मग काय! चहा टाकला. दोनदा गरम करावा लागला, त्याचा काढा झाला. नदीचा ताप बघायला काय दोन तास लागतात? आले ते घसरून, पँट भिजवून. ती बघ, टेम्पोच्या आरशाला वाळतेय. साठीच्या माणसाने काठाशी जपून जावं. सांगून ऐकतील तर शपथ!" त्यांनी एक बटाटा तिच्या हातात ठेवला. "उकडलेला आहे. तुझ्या मैत्रिणीला दे. तिने काही खाल्लं नाही, मी बघत होतो."

टाचणीने बटाटा रंगारीला दिला आणि खळाळाकडे निघायचं म्हणून सायकलीवर बसली. बसली ती लोंबकळलीच. पाय जमिनीला टेकेनात. सायकल एका बाजूला, टाचणी दुसऱ्या बाजूला.

"मिस्त्रीकाका!" ती ओरडली. "माझी सीट कुणी वर केली?"

चार

सायकल तिची नव्हती, मावशीची होती. मधली दांडी नसलेली लेडीज सायकल, हिरवी. निघताना मावशीने बजावलं होतं, "एक ओरखडा आला ना, तर तुझ्या लग्नात जेवणार नाही मी."

मिस्त्री तेलकट हात पुसत आले. बारीक अंगाचे, मिशी मोठी, अभिमान त्याहून मोठा. टेम्पोही तेच चालवत. "माझ्या हातून सीट वर जाईल? काल संध्याकाळी तुझ्या मापाने आवळून ठेवलीय मी." ते वाकले, पुढचं चाक पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"काय झालं काका?"

"कुणाला सांगू नकोस," त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "रोज काम उरकलं की मी सगळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व बरोब्बर खाली, जमिनीकडे करून ठेवतो. हवा भरायचं तोंड असतं ना, ते. तरुण पोरं आहात. कुणी चोरून भटकायला गेलं तर सकाळी मला कळायला नको? आज सकाळी अकरापैकी दहा व्हॉल्व खाली होते."

"आणि अकरावा?"

"वर. आकाशाकडे." त्यांनी हिरव्या सायकलीवर बोट ठेवलं. "ही. मला वाटलं तूच कुठे गेली होतीस, म्हणून बोललो नाही. लेकीच्या वयाची पोरगी, चारचौघांत कशाला विचारा."

"काय?" मागून जिराफाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "पहाटे तुझी सायकल बाहेर गेली होती? म्हणजे चित्र काढणारी बोलली, आणि तिच्या मैत्रिणीने काम तमाम केलं!"

"अरे उंटा," टाचणी म्हणाली, "मी गेले असते तर सीट वर कशाला करेन? स्वतःच्या सायकलीवरून पडायला?"

जिराफ विचारात पडला. विचार करताना त्याच्या कपाळाला तीन आठ्या पडत. आता चार पडल्या. "म्हणजे उंच माणूस," तो हळूच म्हणाला. मग दचकला. "ए, माझ्याकडे काय बघतेस?"

"तुझी सायकल शेजारीच होती. स्वतःची सोडून तू माझी का नेशील?"

"तेच म्हणतो मी! तेच तर मी म्हणतोय!"

"उंच माणूस, ज्याला या अकरा सायकलींतून दांडी नसलेली एकच सायकल लागली," टाचणी स्वतःशी पुटपुटली. मिस्त्रीकाकांनी सीट खाली घेतली. पण तिचं मन खाली येईना. तिला एक उत्तर दिसलं होतं, आणि ते इतकं अशक्य होतं की तिने ते मनातच दाबलं.

"चला खळाळावर," ती म्हणाली. "मला काहीतरी तपासायचंय."

पाच

सहलीत सरांचा एक नियम सगळ्यांत वरचा होता. पाण्यातला दगड उचलला, की तो होता तसाच परत ठेवायचा. शेवाळाची बाजू वर, गोरी बाजू खाली. "त्या दगडाखाली कुणाचं तरी घर आहे," सर म्हणत. "आपण पाहुणे. पाहुण्याने घराचं छप्पर उचकटून निघून जायचं नसतं." नियम इतका अंगात मुरला होता की मुलं आंघोळीला गेली तरी पायाखालचा दगड सरळ करत.

काल मात्र ते विसरले होते. सातपट्टी मिळाल्याच्या आनंदात जिराफाने तो दगड उलटा टाकला होता आणि अकराच्या अकरा जण नाचत खाली पळाले होते. टाचणीला हे रात्री झोपता झोपता आठवलं होतं आणि तिने स्वतःला बजावलं होतं, उद्या पहिलं काम ते.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. जागा तीच, वर झुकलेलं झाड, शेजारी कपारीतून येणारा झरा.

दगड सुलटा होता. शेवाळ वर, गोरी बाजू खाली. नीट, हलक्या हाताने बसवलेला.

"हा तू सरळ केलास?"

"मी?" जिराफ म्हणाला. "मी तर काल आभाळात होतो. आणि त्यानंतर आत्ताच येतोय."

मागोमाग आलेल्या बाकीच्या सगळ्यांना विचारून झालं. कुणीच नाही. तेव्हा जिराफाच्याही डोक्यात उजेड पडू लागला. "म्हणजे चोराने तिला इथे, तिच्या घरी आणून सोडलं. आणि सोडताना घराचं छप्परही नीट केलं. कसला चोर आहे हा?"

टाचणीने थर्मामीटर काढलं आणि पाण्यात धरलं. पारा अठरावर थांबला. झऱ्याच्या पाण्याला सकाळ-दुपार कळत नाही; कालही इथे अठराच होतं, तिने स्वतः लिहिलं होतं.

तिने वही उघडली. चौथा दिवस, सूर्योदय, मुक्कामाचा डोह: बावीस. सरांचं अक्षर. पाचवा दिवस, सूर्योदय: अठरा. सरांचंच अक्षर. आणि पुढे जागेचा रकाना, जो सर कधी म्हणता कधी मोकळा सोडत नसत, मोकळा.

डोहाचं पाणी एका दिवसात चार अंश उतरत नाही.

ती तिथल्या खडकावर बसली. मग हसायला लागली. जिराफ घाबरला. "काय गं? ऊन लागलं का?"

"खोटं लिहिता आलं नाही रे त्यांना," ती म्हणाली. "मासा सोडला, बरणी धुतली, गप्प बसले. पण वहीत खोटा आकडा काही लिहिता आला नाही!"

सहा

सर टेम्पोत बाटल्या लावत होते. सकाळपासून त्याच बाटल्या त्यांनी तिसऱ्यांदा लावल्या असाव्यात. टाचणीने वही त्यांच्यासमोर उघडून धरली आणि अठरावर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा काढला.

"सर, स्टुलाशिवाय तुम्हाला टेम्पोत चढता येत नाही. दांडीवरून पाय टाकणं तर शक्यच नाही. म्हणून मावशीची सायकल. तुम्ही उंच, म्हणून सीट वर. चहाचा काढा झाला तोपर्यंत तुम्ही आला नाहीत. पँट आरशाला वाळतेय. आणि तो दगड... आम्ही तो उलटा टाकून आलो होतो. चुकलं आमचं."

"दोनदा बसलो आणि एकदा घसरलो," सर म्हणाले. "पण सायकल छान आहे तुझ्या मावशीची. वीस वर्षांनी चालवली. उतारावर तर..." ते थांबले. शाळकरी पोरासारखे लाजले. "पोटात अंडी होती तिच्या. काल भिंगातून पाहिलं. पोट असं टम्म. तीस वर्षं मी कशासाठी शोधतोय? ती या नदीत आहे, हे सांगायला. आणि ही शेवटचीच असली तर? मीच तिला बाटलीत घालून म्हणणार, की बघा, होती."

"मग आम्हाला सांगायचं ना सर!"

"कसं सांगू? तुम्ही नाचत आला होता गं. आयुष्यभर मुलांना नमुना कसा टिकवायचा ते शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझाच हात चालेना. लाज वाटली. म्हटलं, विषय संपवून टाकू."

"तो संपला नाही सर. सगळे रंगारीला चोर म्हणतायत. ती उद्याच्या बसने घरी चाललीय."

सर ताडकन उठले. स्टूल न घेता टेम्पोतून खाली उतरले. कसे ते त्यांनाही कळलं नाही. तसेच लंगडत नदीकाठी गेले आणि सगळ्यांसमोर रंगारीपुढे हात जोडून उभे राहिले. "बाळ, चोर मी आहे. मला वाटलं, मी गप्प बसलो की सगळेच गप्प बसतील. तुझ्यावर काय गुदरतंय ते बघितलंसुद्धा नाही. मला माफ कर."

मग रंगारी रडता रडता हसली. जिराफाने तिच्यासमोर कान पकडून दहा उठाबशा काढल्या. त्याच्या उंचीला त्या वीस पडल्या. आणि आचारीकाका चुलीकडून ओरडले, "आता कुणीतरी चहा प्या रे! सकाळचा काढा अजून आहे!"

"पण पुराव्याचं काय?" जिराफ घाम पुसत म्हणाला. "संग्रहालयाला काय दाखवायचं?"

"मारायचंच कशाला? मोजू या ना," टाचणी म्हणाली. "वरून पाणी चमकतं, म्हणून दिसत नाही. पाण्याच्या आत डोकावता आलं तर?"

मिस्त्रीकाकांनी मिशी कुरवाळली. आचाऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा बिस्किटांचा मोठा डबा द्या." आचारी कुरकुरले, पण बिस्किटं मुलांच्या हवाली करून डबा दिला. मिस्त्रींनी डब्याचा तळ कापला, टेम्पोच्या फुटक्या खिडकीतली साधी काच मापाने कापून तिथे बसवली आणि पंक्चरच्या रबराने आणि सोल्यूशनने कडा अशा बंद केल्या, की थेंब आत येईना.

पुढचे दोन दिवस अकरा मुलं पाळीपाळीने खळाळात पालथी पडून डब्यात तोंड घालत होती. सरांना जिराफ आणि आणखी दोघांनी हातांची खुर्ची करून वर नेलं. सरांनी डब्यात डोकं घातलं ते बाहेर काढेचनात. पाठीला ऊन लागत होतं, टोपी वाहून गेली, तरी आतून आवाज येत होता, "बावीस... तेवीस... अरे, ही तीच, टम्म पोटाची!... चोवीस..."

एकंदर एकेचाळीस भरल्या. रंगारीने त्या पाण्यातच बघून रंगवल्या, म्हणून तिच्या चित्रातले पट्टे कुठल्याही बाटलीतल्या माशाचे असतील त्यापेक्षा जिवंत निघाले. वहीतल्या नोंदीखाली चौदा जणांनी सह्या केल्या. मिस्त्रींनी सहीबरोबर तेलाचा अंगठाही उमटवला, मुद्दाम नव्हे.

संग्रहालयातले साहेब वर्षभर नाक मुरडत राहिले. शेवटी स्वतः आले, त्याच डब्यात डोकं घातलं, आणि बाहेर काढल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "आणखी एकदा बघू?"

सर निवृत्तीनंतर सतरा वर्षं जगले. कंबरेवर उपचार झाले आणि त्यांनी सायकल घेतली, दांडी नसलेली. चहाच्या वेळी चिडवणारे प्राध्यापक त्यांना नदी दाखवा म्हणून मागे लागत. आचारीकाकांनी पुढे खानावळ काढली; तिथे मासे मिळत नसत, आणि का ते ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सविस्तर सांगत. मिस्त्रीकाकांनी तसे काचेचे साठ डबे बनवले आणि शाळांना वाटले. व्हॉल्व खाली करून ठेवायची सवय त्यांनी नातवापर्यंत पोचवली. जिराफ पाटबंधारे खात्यात मोठा साहेब झाला. त्याने बांधलेल्या प्रत्येक बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्या आहेत. रंगारीची चित्रं पाठ्यपुस्तकांत आली. तिचं आणि जिराफाचं लग्न झालं. भांडण झालं की आजही तो दहा उठाबशा काढतो, हल्ली खुर्ची धरून. मावशीला सायकलीवर ओरखडा सापडलाच, पण टाचणीच्या लग्नात ती दोनदा जेवली. टाचणी नद्यांची डॉक्टर झाली. तिच्या हाताखालच्या मुलांना ती पहिल्या दिवशी एकच वही दाखवते, मोकळा रकाना आणि अठराचा आकडा असलेली.

आणि संग्रहालयात, पाच पट्ट्यांच्या माशाशेजारी, रंगारीच्या चित्राखाली एक बरणी ठेवलेली आहे. धुतलेली, उपडी, झाकण शेजारी. आत काही नाही. चिठ्ठी तेवढी आहे, सरांच्या अक्षरातली:

"नमुना नदीत आहे. पाहायला यावे. दगड सरळ ठेवावा."